प्रश्नावलीतली ‘मी’

मी एम.ए.ला असताना आमच्या सरांना माणसाची मरणाची भीती मोजायची होती, शिंपी छाती मोजतो तशी. इंग्रजीतली विधानं त्यांनी मराठीत उतरवली आणि मला खंडाळ्याजवळच्या एका वाडीत पाठवलं. मी विधान वाचायचं, समोरच्यानं ‘नेहमी’, ‘कधीकधी’ किंवा ‘मुळीच नाही’ म्हणायचं. आदल्या वर्षी माझी ताई वारली होती. तेव्हा मला रडू आलं नाही, नंतरही कधी आलं नाही, आणि मला भीती वाटायची ती त्याचीच. सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

श्रावणातली दुपार. धुकं दारातून आत येत होतं. घरातली म्हातारी माझ्यासमोर बसली, सून चुलीशी होती. मी वाचलं, “मी एक दिवस नसणार, या विचारानं माझी झोप उडते.”

“कवापासनं?” म्हातारीनं विचारलं.

“माझं नाही हो मावशी. तुमचं विचारतेय.”

“मंग ‘मी’ कशाला म्हनतीस?”

वाक्यात काना-मात्रा बदलायची नाही, अशी सरांची ताकीद होती. मी पुढचं वाचलं, “माझ्या जगण्यात आता काही उरलेलं नाही.”

सुनेचा हात थांबला. मावशी माझ्या पाठीमागं बघायला लागली.

“तुज्यासंगं कोन आलंय?”

“कोणी नाही. एकटीच आलेय.”

“न्हाई,” ती शांतपणे म्हणाली आणि उठली.

मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या तिनं माझ्यावरून उतरवल्या. मी मानसशास्त्र शिकणारी, मला हसू यायला हवं होतं. पण मी मुकाट मान पुढं केली. मिरच्या चुलीत तडतडल्या, घर धुरानं भरलं. एरवी अशा धुरात माणूस ठसक्यानं बाहेर पळतो. आम्हा तिघींपैकी कुणीच खोकलं नाही.

“लय धरलंय,” सून पुटपुटली.

“जाताना मागं बगू नगं,” मावशी म्हणाली. मी बघितलं नाही.

परतीच्या पॅसेंजरच्या डब्यात मी आणि समोर एक बाई, एवढ्याच होतो. तळेगाव सुटलं आणि एकाएकी मला ठसका लागला. समोरच्या बाईनंही पदर नाकाला लावला.

“मिरच्या कोण जाळतंय?” ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते थांबेना. पुणं आलं तरी मी ‘ताई, ताई’ म्हणत रडत होते, आणि ती बाई माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.