दुपारचा श्वास

आमच्या प्रयोगशाळेत लोकांच्या रक्तातल्या पेशी वेगळ्या काढतात आणि त्यांना छळतात. मी स्वतः हे काम करते, म्हणून असं म्हणायचा हक्क मला आहे. दमेकऱ्याच्या पेशींना कधी गिरणीतली धूळ दाखवायची, कधी सर्दीचा विषाणू, आणि त्या किती खवळतात ते बघायचं. राखणीला ठेवलेल्या या पेशी धुळीच्या साध्या कणाला शत्रू समजून श्वासनळ्या आवळून टाकतात, आणि खरा विषाणू दाराशी आला की काही वेळा उशिरा जाग्या होतात. कुंपणच शेत खातं, दुसरं काय. शिवाय एकदा कशाचा राग धरला की त्या वर्षानुवर्षं विसरत नाहीत. या बाबतीत त्या आमच्या भाऊबंदांवर गेल्या आहेत.

या कामाकडे मला आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नकळत ढकललं. ते सुरतेत उधन्याला एका खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, लूम चालवायचे. रात्रपाळी करून डिंडोलीला घरी यायचे आणि दुपारभर पडद्यामागे झोपायचे. आमचं घर म्हणजे एक खोली, मध्ये पडदा, अलीकडे स्वयंपाक. झोपेत त्यांच्या छातीतून बारीक शिटी वाजायची. श्वास सोडताना ती लांबत जायची, आता संपली असं वाटायचं, आणि मग पुढचा श्वास यायचा. त्या आवाजावर आईने भाकरी थापल्या, मी अभ्यास केला, धाकट्या भावाने पाढे पाठ केले. डॉक्टरांनी श्वासातून औषध ओढायचा पंप लिहून दिला होता. पण पंप एकदा लागला की जन्माचा सुटत नाही, असं खात्यातले सगळे सांगायचे, म्हणून तो कपाटावर राहिला. खानदेशात गावी गेलं की त्यांची छाती मोकळी व्हायची. हा गावच्या पाण्याचा गुण, असं ते म्हणायचे. सुरतेत परतून कामावर गेले की गुण उतरायचा.

एका हिवाळ्यात सगळ्या गल्लीला सर्दी-ताप झाला. गल्ली उठली, आप्पा उठले नाहीत. तोच विषाणू, तीच गल्ली, मग तेच का? माझं सगळं संशोधन एवढ्याच प्रश्नावर उभं आहे. कागदावर मी हा प्रश्न फार सभ्य भाषेत मांडते. मनात तो शिवीसारखा येतो.

आमच्याकडे आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. मातीची घागर, वर आंबा, पुढे पुरणपोळी आणि रस, आणि नाव घेऊन हाक. हे सगळं गावच्या घरी करायचं असतं. आप्पांची घागर आम्ही दरवर्षी गावी जाऊनच भरायचो. पण गेल्या वर्षी भावाला सुट्टी मिळाली नाही. तो आता एका रंगमिलमध्ये आहे, रंगाच्या पावडरी तोलून कालवायचं त्याचं काम. त्याला एकट्याला सोडून आई जाईना. शेजारच्या म्हातारीने तिला सावध केलं, की ज्या उंबऱ्यावरून हाक माराल त्याच उंबऱ्यावर माणूस येईल, नीट विचार करा. आईने विचार केला नाही. तिने सुरतेतच घागर भरली आणि दारात उभं राहून आप्पांना हाक मारली. मी मागे उभी होते. विज्ञान शिकलेल्या माणसाच्या अंगावर काटा येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तेव्हा माझा हात बघायला हवा होता.

त्यानंतर काही आठवड्यांत आई बदलली. मिरचीची फोडणी ती शेगडी बाहेर नेऊन द्यायला लागली. दुपारी टीव्ही बंद झाला, शेजारणींशी बोलणं कुजबुजीवर आलं. एवढी सरबराई कोणत्या पाहुण्यासाठी, असं मी एकदा चिडवलं. ती नुसती हसली. आप्पा गेल्यापासून तिचं असं हसू मी पाहिलं नव्हतं, म्हणून मीही जास्त खोदलं नाही.

मग एके दिवशी प्रयोगशाळेतलं रक्ताच्या नळ्या फिरवायचं यंत्र बिघडलं आणि मी भर दुपारी घरी आले. आई पडद्याशी जमिनीवर बसली होती. मला बघताच तिने ओठांवर बोट ठेवलं आणि जवळ बसवलं.

"तुना आप्पा उनात," ती म्हणाली. "आयक."

आप्पा आलेत म्हणे. मी ऐकलं. पडद्यामागून तीच शिटी येत होती. तसाच लांबत जाणारा श्वास, शेवटी तशीच अडलेली किरकिर. मी रोज छातीच्या आजारांवर काम करते, तरी त्या वेळी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की आप्पा आत झोपलेत आणि आता उठून पाणी मागतील. मला आनंद झाला. भीती वाटली हेही खरं, पण आधी आनंद झाला.

मग मी पडदा सरकवला. आत भाऊ एकटाच झोपला होता. रात्रपाळी करून आलेला, कुशीवर, गुडघे पोटाशी. प्रत्येक श्वासाला त्याच्या गळ्याखालची खळी आत ओढली जात होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. साऱ्या सुरतेचा दमा मी नळ्यांत भरून तपासत होते. पण आईचा चेहरा इतका शांत होता की मी पडदा परत लावला.

संध्याकाळी भाऊ कामावर निघाला तेव्हा मी त्याला जिन्यात गाठलं. त्याला सगळं माहीत होतं. पावडरीची पोती फोडली की छाती आवळते, सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं. आई पडद्याशी बसते हेही त्याला ठाऊक होतं. मी म्हटलं, उद्याच्या उद्या दवाखान्यात चल. त्याने जिन्याच्या कठड्यावर हात टेकला, आणि थोडा श्वास जमवून बोलला.

"आक्का, मायले सांगू नको. तिले वाटस आप्पा येतस. वाटू दे."

मी भांडले. तो ऐकेना. रंगखात्यातून काढतील, पंप मागे लागेल, लग्नाच्या बोलण्यात अडचण येईल, अशी कारणं त्याने दिली. पण खरं कारण त्याने पहिल्यांदाच सांगून टाकलं होतं. आम्हा दोघांनाही आईचं ते हसू हवं होतं, आणि त्याची किंमत त्याची छाती देत होती.

मग गल्लीत पुन्हा सर्दीची साथ आली. भाऊ शिंकत घरी आला. पुढे काय होऊ शकतं ते मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. दुपारी तो झोपला. शिटी आता पडद्याबाहेर, दारापर्यंत येत होती. आई म्हणाली, आज तुझ्या आप्पांना फार त्रास होतोय. मी तिचा हात धरला, तिला पडद्याआड नेलं आणि तिचा तळवा भावाच्या पाठीवर टेकवला. अशा वेळी छातीतली घुरघुर हाताला लागते. तिला ती लागली. तिने हात उचलला, पुन्हा ठेवला. खोलीत आणखी कुणी आहे का ते पाहावं तशी तिने भिंतीकडे नजर फिरवली. मग तिने त्याला हलवून उठवलं आणि मला रिक्षा आणायला सांगितलं.

छातीच्या डॉक्टरांनी त्याला काही दिवस ठेवून घेतलं. तो उठला. मिलमध्ये मी जाऊन भांडले आणि त्याला पावडरीतून काढून तयार कापडाच्या घड्यांकडे घ्यायला लावलं. आता तो रोज पंप घेतो, आणि त्याने औषधानंतर चूळ भरली की नाही ते आई बघते. कपाटावर काही ठेवायचं नाही, असं तिने बजावून सांगितलं आहे.

मागच्या आठवड्यात मी दुपारी घरी होते. भाऊ झोपला होता आणि पडद्यामागून कसलाच आवाज येत नव्हता. आई तिच्या जागेवर कान देऊन बसली होती. मी विचारलं, त्याचं बरं आहे ना? तिने मान हलवली.

"त्यानं बरं शे," ती म्हणाली. "आते तुना आप्पा येत नहीत."

मलाही ते हवे होते. ते मी तिला बोलून दाखवलं आणि आम्ही दोघी रडलो, आवाज न करता, कारण भावाची झोप मोडली असती. संध्याकाळी तो उठला. त्याने मागायच्या आत आईने पंप नीट हलवला, त्याच्या तोंडाशी धरला, आणि औषध पुरतं आत जाईपर्यंत हात काढला नाही.