न जळणारा दांडा

अॅल्युमिनियम वितळू न देता मळता येतं, हे मी महाडच्या कॉलेजात बरीच वर्षं शिकवतो आहे. धातूत बारीक खाच पाडायची, तिच्यात सिरॅमिकची नॅनो पूड भरायची आणि वरून गरगर फिरतं पोलादी हत्यार दाबत पुढे न्यायचं. घर्षणाने धातू तापून भाकरीच्या पिठासारखा मऊ होतो, पूड आत मिसळते आणि धातूचे आतले दाणे मोडून अगदी बारीक होतात. दाणे जितके बारीक, तितका धातू बळकट. पूड त्यांना पुन्हा वाढू देत नाही. फारच ताप दिला तर मात्र तिचंही काही चालत नाही.

आमच्या विभागप्रमुखांना याचा समाजोपयोगी वापर हवा होता. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवरून आजारी माणसाला अजून डोलीतून खाली आणतात. लांब काठीला घोंगडीची झोळी बांधायची आणि पुढे दोघांनी, मागे दोघांनी खांदा द्यायचा. तरणी माणसं मुंबईला. उरलेले खांदे साठीच्या पुढचे. कापडे गावाच्या वरच्या अंगाला अशाच एका वाडीत माझी आत्या राहायची, म्हणून तीच वाडी निवडली. आम्ही पोकळ चौकोनी दांडा घेतला आणि वजनाने जिथे तो सर्वांत जास्त वाकणार, तो मधला भाग मिलिंग मशीनवर वरून-खालून मळून काढला. काम चांगलं झालं होतं. हे मी अजूनही म्हणतो.

लोकार्पण कॉलेजच्या सभागृहात झालं, कारण पाहुण्यांना वाडीपर्यंत चढवणार कोण? फलकावर ‘नॅनो’ हा शब्द ‘डोली’च्या तिप्पट मोठा होता. प्रमुख पाहुणे फोटोसाठी स्वतः झोळीत निजले. चार प्राध्यापकांनी त्यांना उचलून व्यासपीठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. दांडा केसभरही वाकला नाही. प्राध्यापक वाकले.

वाडीला दांडा आवडला. जुनी वाळलेली बांबूची काठी तुकडे होऊन गोठ्याच्या छपराला गेली.

पुढच्या हिवाळ्यात एका म्हाताऱ्याला खाली नेताना तो अर्ध्या उतरणीवर गेला. डोलीत माणूस गेला तर काठी घरी परत येत नाही, त्याच्याबरोबर सरणावर जाते, अशी त्या वाडीची रीत. मग पुढच्यासाठी दुसरी तोडून वाळवतात. आमचा दांडा जळणारा नव्हता. त्यांनी तो मसणातल्या आंब्याला टेकवून ठेवला आणि तो वाडीत कुणी आणेना. काठी जळालीच नव्हती, म्हणून दुसरी तोडायचंही राहून गेलं. ताण, वाक, कठीणपणा, सगळं आम्ही मोजलं होतं. तो जळतो का, हे कुणी विचारलं नव्हतं.

हे मला कळलं ते आत्याच्या छातीत कळ आली त्या दिवशी. शेजारच्या दादांचा फोन आला. रस्ता संपतो तिथे जीप उभी करून मी वर चढलो. आत्या पडवीत आडवी होती, ओठ निळसर. दादांनी तिला पाठीवर घेऊन पाहिलं होतं, पण उभी केली की तिचा श्वास कोंडत होता. आडवीच न्यायला हवी होती.

“दांडा कुठे आहे?” मी विचारलं.

“मसणात,” दादा म्हणाले आणि म्हाताऱ्याची हकिकत सांगितली. “दोघं बांबू तोडायला गेलेत.”

“ओला बांबू? तो कधी तोडणार, कधी तासणार? दांडा जवळ आहे, तोच आणा.”

“त्याच्यावर मढं गेलंय, मास्तर. जित्या बाईला निजवू त्यात?”

“धातू आहे दादा. धुतला की झालं.”

“तुझ्या कॉलेजात होत असेल. इथं नाय होत.”

मी आत्याकडे वळलो. ती हो म्हणाली असती तर सगळ्यांनी ऐकलं असतं.

“नको रे,” ती म्हणाली. “त्यात निजून वाचली, तर माझ्या दारचं पाणी कोण पिणार? मेली की ने. तुझ्या दांड्याची पण हौस फिटेल.”

हसली ती एकटीच, आणि त्या हसण्याने तिला धाप लागली. मी जाऊन दांडा आणलाही असता. पण त्याखाली आणखी तीन खांदे लागतात, आणि ते मला तिथे मिळणार नव्हते.

बांबू आला तेव्हा झोळी बांधायचं कारण उरलं नव्हतं. त्याच बांबूची तिरडी झाली.

सरणावर तो ओला बांबू जळेना. नुसता फसफसत राहिला, धूर झाला, लाकडं एका अंगाला ढळली. ती सारायला लांबसं काही हवं होतं. दादांनी आंब्याला टेकवलेला आमचा दांडा उचलला. चटका बसू लागला तेव्हा टोकाला ओलं गोणपाट गुंडाळलं. या कामाला तो कुणालाच वावगा वाटला नाही. खालचा ओंडका उचकटायला त्यांनी तो निम्म्याच्या पुढे आत सारला. तिथेच आम्ही दाणे बारीक केले होते. आता ते वाढत असणार. किती तापलं की काय होतं, ते मी दरवर्षी फळ्यावर काढतो. दांडा सावकाश मधोमध वाकला.

दादांनी तो बाहेर ओढला. “वाकला रे मास्तर. सरळ होईल?”

“होईल. पण जोर राहणार नाही.”

त्यांनी तो पुन्हा आंब्याला टेकवून पाहिला. तो टेकेना, तेव्हा गवतात आडवा टाकला.

“उद्याच एक काठी तोडून वाळत घालतो,” ते म्हणाले. “आता पुढचा नंबर माझा हाय. ओली नको.”