काटा कुणाचा

फोनवर कुणी पहिल्याच वाक्यात माझं कौतुक करायला लागलं की मी सावध होते. कौतुकामागून "घरचंच काम हाय" येतं, आणि काम घरचं झालं की दर निम्मा झाला असं समजायचं.

सांगलीत विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत बसून मी लोकांसाठी लिहिते. मानपत्रं, संस्थांच्या स्मरणिका, कुणाचा पंच्याहत्तरीचा गौरवग्रंथ, कुणाचं आत्मचरित्र. नाव त्यांचं, मजकूर माझा. वर्तमानपत्रातली नोकरी सोडल्यापासून माझं पोट यावरच आहे. स्वभाव मुळातच संशयी. साताऱ्याला माहेरी म्हणायचे, हिला दूध दिलं तर आधी वास घेईल आणि मग म्हैस कुणाची ते विचारेल. या धंद्यात आल्यावर त्या स्वभावाला चांगलीच धार आली.

अलीकडे दर सांगितला की समोरून एकच वाक्य यायला लागलं होतं. "साताऱ्यात एक जण निम्म्यात करतो." कऱ्हाडचे लोक हेच म्हणायचे, तासगावचेही हेच. असा कुणी नसणारच, अशी माझी पक्की खात्री होती. भाजी घेताना आपण नाही का म्हणत, पलीकडे स्वस्त आहे म्हणून? तसंच हे. पण एकाने त्याचा नंबरच माझ्या तोंडावर फेकला. मग मी गिऱ्हाईक होऊन फोन लावला.

आवाज तरुण होता, नम्र होता आणि थकलेला होता. मागे कुकरची शिट्टी होत होती. पानाचा दर त्याने सांगितला तो खरोखर निम्म्याहून कमी. "भेटायला कधी येऊ?" मी विचारलं.

"भेटायची गरज नाही, मॅडम. व्हॉइस पाठवा व्हॉट्सॲपवर. परवा पुस्तक देतो."

परवा! दीडशे पानांचं पुस्तक परवा. हा स्वतः लिहितो, का यंत्राकडून लिहून घेतो, का दोन्ही, ते मला आजही माहीत नाही. त्याचा राग आला, आणि कुकरची शिट्टी आठवली की तो राग धड करताही येईना. याचं मला जास्तच वाईट वाटलं.

त्याच सुमारास कुंडलच्या पलीकडच्या एका गावातून एका निवृत्त सुभेदारांचा फोन आला. सुरुवात कौतुकाने, म्हणजे मी सावध. फौजेतली नोकरी, मग गावी ऊस आणि द्राक्षं, आणि आता आठवणींचं पुस्तक काढायचं होतं. पहिल्या भेटीचे मी पैसे घेत नाही, म्हणून गेले.

व्हरांड्यात खुर्चीवर एक म्हातारी बसली होती, डोक्यावर पदर आणि नजर माझ्या पर्सवर. सुभेदारांनी तिला हाक मारली, "वहिनी, आत च्या ठेवायला सांग गं."

मी विचारलं, "या तुमच्या वहिनी?"

"आवं न्हाई, आई माझी. चुलतं समदं वहिनी म्हनायचं, ऐकून ऐकून आमाला बी त्येच लागलं. आमी भावंडं वहिनीच म्हंतो."

मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या घरी वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. एकत्र घरात आधी जो जन्मतो तो नाती ठरवतो, मागाहून येणाऱ्यांनी ती गपचूप वापरायची.

सुभेदार बोलायला बसले आणि सगळ्या आठवणी फिरून फिरून वहिनीवर यायला लागल्या. वहिनीनं गळ्यातलं मोडून भरतीला जायला पैसे दिले. वहिनीनं पत्र लिहिता येत नाही म्हणून बोळक्यात रानातली माती घालून पाठवली. पुस्तक खरं तर तिचंच होतं. प्रकाशन तिच्या हातून, गावच्या मांडवात, एवढी एकच त्यांची हौस होती. तिची तब्येत आता नरमगरम असायची, म्हणून घाई होती.

मग मी दर सांगितला, आणि सुभेदारांचा चेहरा बदलला.

"पानाला एवढं? आनि अक्षर मोठं केलं की पानं वाढली. मग?"

"मग शब्दांवर धरू. हजार शब्दांना अमुक."

"शब्द कोन मोजनार?"

"कॉम्प्युटर मोजतो."

"कॉम्प्युटर कुनाचा?"

"माझा."

"मग काटा बी तुमचाच की!"

ऊस कारखान्याला घालायच्या आधी सुभेदार प्रत्येक खेप बाहेरच्या वजनकाट्यावर तोलून आणायचे. कारखाना काटा मारतो, या भीतीत इथल्या माणसांचं आयुष्य जातं. उसाच्या दरासाठी हा माणूस रस्त्यावर बसलेला होता, आणि त्यात कपात चालणार नाही म्हणून ओरडलाही होता. माझा दर आला की मात्र त्यांना साताऱ्यातला एक जण आठवला. मी उठले. पाच रुपयेही कमी केले नाहीत, कारण इथे कमी केले असते तर आठवड्याभरात कुंडलपासून कऱ्हाडपर्यंत माझा नवा दर सगळ्यांना तोंडपाठ झाला असता. आणि त्या नव्या दरात माझं घरभाडं बसत नव्हतं.

काम अर्थातच साताऱ्याला गेलं.

पुढे द्राक्षं उतरायला लागली तेव्हा सुभेदार माझ्या दारात हजर. एका हातात द्राक्षांची पेटी, दुसऱ्या हातात स्प्रिंग बाइंडिंग केलेला गठ्ठा. पेटी पाहूनच मला कळलं, काहीतरी फुकटात हवंय. मी ती आत घेतली नाही, दाराशीच ठेवायला सांगितली.

"पुस्तक झालं," ते म्हणाले. "मी सवता दोनदा वाचलंय. झ्याक झालंय. उद्या छपाई सुरू हुतीया. तुमी फकस्त जरा नजर टाका. ऱ्हस्व-दीर्घ बघा, दुसरं काय न्हाई."

जरा नजर टाका! आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात महाग वाक्य, आणि ते नेहमी फुकट बोललं जातं. लिहून घ्यायचं स्वस्तात साताऱ्याला, आणि निवडून घ्यायचं सांगलीत द्राक्षांवर. नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण हात आधीच गठ्ठ्याकडे गेला होता. दुसऱ्याने काय लिहिलंय हे बघायची खोड जात नाही.

पहिलं पान उलटलं. अर्पणपत्रिका होती. "मातोश्रींच्या पवित्र स्मृतीस, व मातेसमान वहिनींच्या चरणी."

मी पुढचं पान वाचलं. "बालवयातच मातृछत्रास पारख्या झालेल्या मला थोर मनाच्या वहिनींनी पोटच्या पोराप्रमाणे वाढविले." त्याच्या पुढचं पानही तसंच. दागिना मोडणारी वहिनी, बोळक्यात माती पाठवणारी वहिनी, सगळं होतं, नुसती आई नव्हती. व्हॉइस ऐकून ज्याने कुणी हे लिहिलं त्याने वहिनीची भावजय करून टाकली होती. मग इतका जीव लावणारी भावजय कशी, याचा उलगडा हवा म्हणून आई मारून टाकली होती. भेट झाली असती तर एका प्रश्नात मिटलं असतं.

मला आनंद झाला, लपवत नाही. चांगला पोटातून आनंद झाला. इतके दिवस ऐकत होते ना, निम्म्यात करतो, निम्म्यात करतो. घ्या आता निम्म्यात. दोन वेलांट्या दुरुस्त करून गठ्ठा परत द्यावा आणि मांडवात जाऊन मागच्या रांगेत बसावं, असं क्षणभर मनात आलं. मग त्या मांडवातल्या व्यासपीठावर नवं लुगडं नेसून बसलेली म्हातारी डोळ्यांपुढे आली, आणि माईकवर कुणीतरी तिच्याच पवित्र स्मृतीला वंदन करतंय. आनंद तिथेच संपला.

पण सवयीने मी म्हणाले, "चूक आहे. मोठी आहे. पण चूक शोधण्याचाही माझा दर असतो."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत संशय, अगदी माझ्यासारखाच. "म्हंजे चूक तुमीच काढनार, दुरुस्त बी तुमीच करनार, आनि पैसं बी तुमीच सांगनार. मी म्हनलं नव्हतं? काटा तुमचाच." त्यांनी गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला. "आसू द्या. चालतंय."

ते दाराशी गेले, चपला घालायला वाकले. मी मनाशी म्हणत होते, जाऊ दे. आपण काही धर्मादाय दवाखाना उघडलेला नाही. ज्याने निम्मे घेतले त्याने निस्तरावं. सगळं बरोबर होतं, आणि तरी माझ्या तोंडून गेलंच.

"सुभेदारसाहेब, तुमची आई वारली का हो?"

ते ताडकन सरळ झाले. "काय बोलताय?"

"मी नाही, पुस्तक बोलतंय. पहिलं पान वाचा. पवित्र स्मृतीस."

"स्मृती म्हंजे आठवनीच की! आईच्या आठवनींचं पुस्तक हाय, मग बरोबरच हाय."

"स्मृतीस अर्पण गेलेल्या माणसाला करतात. आणि मातृछत्रास पारखा म्हणजे ज्याची आई गेली तो. पुढच्या प्रत्येक पानावर वहिनी म्हणजे तुमच्या थोरल्या भावाची बायको आहे."

त्यांनी गठ्ठा उघडला आणि उभ्याउभ्या वाचायला लागले, ओठ हलवत. वहिनी हा शब्द आला की त्यांना आई दिसायची, म्हणून दोनदा वाचूनही काही खटकलं नव्हतं. बाकीचे जड शब्द पुस्तकात असायचेच, असं धरून ते पुढे गेले होते. आता एकेका ओळीवर थांबत होते. मग चपला तशाच पायात घेऊन आत आले आणि खुर्चीत बसले.

"छापून आलं असतं ह्ये," ते म्हणाले. "वहिनीच्या हातात दिलं असतं मी."

मी पाणी दिलं. त्यांनी छापखान्याला फोन करून काम थांबवायला सांगितलं, दोनदा सांगितलं, मग परत लावून खात्री केली. नंतर बराच वेळ रुमालाने चष्मा पुसत बसले.

"तुमचा दर काय म्हनला हुता?"

"होता तोच आहे."

"आनि काटा?"

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. म्हणाले, "काटा तुमच्या वहिनींचा. लिहिलेलं प्रत्येक पान मी त्यांना वाचून दाखवीन. हे असं नव्हतंच, असं त्या म्हणाल्या तर ते पान धरायचं नाही. पैसे उरलेल्या पानांचे."

सुभेदारांनी यातही काही गोम आहे का ते तपासलं. बराच वेळ तपासलं. मग हो म्हणाले. जाताना पेटी त्यांनी स्वतः उचलून आत आणून ठेवली.

या बोलीत मी चांगलीच गोत्यात आले. म्हातारी काट्याला महाखट होती. मी व्हरांड्यात बसून वाचायचे आणि ती पदर तोंडाशी धरून ऐकायची. "न्हाई गं. मी रडले न्हाई तवा. लय काम हुतं." गेलं पान. "येवढं ग्वाड कवा बोलले मी ह्येच्याशी? काढ त्ये." गेलं अजून एक. सुरुवातीला ती मुलाला हळूच विचारायची, "ही बया पानाला किती घेती रं?" आणि मला वाटायचं, पैसे वाचवायलाच पानं उडवतेय. पण ज्या पानावर ती गप्प बसायची, ते पान मलाही ठाऊक असायचं की खरं उतरलंय.

अर्पणपत्रिकेसाठी मी तिला नाव विचारलं. ती हसली. "नाव कशाला? वहिनीच लिव."

"वहिनी लिहिलं म्हणूनच तर घोटाळा झाला, आजी."

तिने मुलाकडे पाहिलं. तो उसाकडे बघत होता. मग तिने नाव सांगितलं, इतक्या हळू की मला पुन्हा विचारावं लागलं. सुभेदार म्हणाले, त्यांनी ते नाव कागदावर पाहिलं होतं, तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ते मी इथे लिहीत नाही. ते पुस्तकात आहे.

पुस्तक बारकं झालं. प्रकाशनाला मी गेले, मागच्या रांगेत बसले. सूत्रसंचालकाने अर्पणपत्रिका वाचली तेव्हा मांडवात कुजबुज झाली, कारण ते नाव गावात कुणालाच ओळखीचं नव्हतं. मग सुभेदार स्वतः माईककडे निघाले आणि मी सावध झाले. हा माणूस आता माझा दर जाहीर करणार, किंवा सगळ्यांदेखत काही सूट मागणार.

"बाई लय महाग हाय," ते माईकवर म्हणाले. लोक हसले. मी खाली बघितलं. "साताऱ्यात निम्म्यात झालं हुतं ह्येच पुस्तक. खोटं कशाला सांगू? निम्म्यात झालं हुतं. पर त्यात माझी आई मेली हुती."

व्यासपीठावरच्या खुर्चीतून म्हातारीने पदर सावरला आणि माईक नसताना सगळ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत म्हणाली, "मेली न्हाई. हाय की मी हितं."