खडसाचा डोह

नळाला चार दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापुरात बुद्धप्रिया वाढली, आणि पहिली नोकरी मिळाली ती नदीतली. भीमा आणि सीनेत कुठं कोणता मासा राहतो, याचा नकाशा तयार करायचं काम तिच्या कॉलेजनं घेतलं होतं. मासा पकडायचा, मोजायचा, जागा मोबाइलवर टिपायची आणि त्याला परत पाण्यात सोडायचं. वडील म्हणाले, "एमएस्सी होऊन मासे मोजणार व्हय गं?" पण पहिल्या दिवशी एसटी स्टँडवर सोडायला तेच आले.

सुरुवातीचे महिने कंटाळवाणे गेले. जाळं ओढावं तर चिलापीच. बाहेरून आणून सोडलेला हा मासा सगळीकडं माजला होता.

सीना भीमेला मिळते त्या बाजूच्या गावातले निंगप्पा आणि केराबाई हे मासेमार नवरा-बायको तिला होडीतून फिरवत. निंगप्पा बोलायचा कमी. केराबाई मात्र लाइफ जॅकेटचे बंद श्वास अडकेपर्यंत आवळायची आणि वर बजावायची, "पडलीस तर काढीन मी, पर पडू नगंस."

उन्हाळ्यात नदीचं पाणी उतरलं. एका सकाळी निंगप्पानं होडी नेहमीची वाट सोडून खडकांच्या आडच्या डोहाकडं वळवली. पाणी काळंशार होतं. जाळं वर आलं आणि त्यात हातभर लांबीचा, सोनेरी खवल्यांचा मासा फडफडला. खडस! आजवर बुद्धप्रियानं तो फक्त चित्रात पाहिला होता. हात ओले करून तिनं त्याला मोजलं, अलगद पाण्यात सोडलं आणि मोबाइल काढला. निंगप्पानं त्यावर तळहात ठेवला.

"बाई, जागा टिपू नगा."

"का हो काका?"

"वरच्या अंगाला असाच डोह हुता. कुणी तरी व्हिडिओ टाकला. लांबची माणसं आली, जिलेटिनचा बार उडवला. ल्हान-मोटं समदं मासं पोट वर करून तरंगलं. आता तितं कायबी न्हाय."

"मग मला का दाखवलंत?"

"रोज इचारत हुतीस की, देशी मासा ऱ्हायलाय का म्हणून," केराबाई म्हणाली. "वाटलं, बगू दे पोरीला."

बुद्धप्रियानं मोबाइल खिशात ठेवला. परतीच्या बसमध्ये मात्र ती हिशेब मांडत बसली. जागा दाखवली तर बार उडणार. लपवली तर नकाशा म्हणणार, इथं खडस नाहीच. आणि मग उद्या त्या डोहातली वाळू कुणी उपसली तरी अडवायचं कशाच्या जोरावर?

दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुख गुरुबसप्पा सरांकडं गेली. "सर, खडस सापडलाय, पण नकाशावर त्याचा ठिपका नको. नदीचा चांगला लांब पट्टा रंगवू या. नेमकी जागा आपल्याकडंच राहील."

"अगं, ठिपक्याशिवाय नकाशा कसला? पुढं कुणाला अभ्यास करायचा असेल तर?"

"त्यानं मला भेटावं. मी निंगप्पाकाकांना विचारीन, मग सांगेन."

सरांना हे चटकन पटलं नाही. दोन-तीनदा वाद झाला, एकदा आवाजही चढले. शेवटी ते म्हणाले, "बरं, कर. पण असे दुर्मीळ मासे जिथं जिथं सापडतील, तिथं हाच नियम."

तिनं निंगप्पाला हे समजावून सांगितलं. त्यानं लगेच होकार दिला नाही. आधी भावकीला विचारलं. होकार आल्यावरच तिनं डोहाची नोंद केली.

छापलेला नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला तेव्हा वेगळीच गंमत झाली. हिरवा पट्टा आजूबाजूच्या गावांच्या शिवेतून गेला होता, आणि जो तो म्हणू लागला, "खडस आमच्याच हद्दीत हाय!" पुढं जीपमधून बार घेऊन आलेल्या लोकांना पलीकडच्या गावानंच हुसकावलं. त्या गावाला डोह ठाऊक नव्हता, तरीही.

हे फोनवर सांगताना केराबाई खो-खो हसत होती. बुद्धप्रिया तेव्हा पुढच्या नकाशासाठी अकलूजजवळ नीरेच्या काठावर नवं जाळं सोडवत बसली होती. फोन खांद्याशी दाबून धरत ती म्हणाली, "मावशी, जरा थांबा. काकांनाबी द्या की फोन. त्यांच्या तोंडून ऐकायचंय मला."