नटवलेलं लेथ मशीन

ताज्या ऑइलपेंटचा वास आला की मला धारचं ते लेथ मशीन आठवतं. देवासला आमच्या घरामागे माझं छोटं वर्कशॉप आहे, त्यासाठी बाबांबरोबर जाऊन मी ते आधी एकदा पाहून आले होते. मालकांच्या पणजोबांच्या काळातलं, वरून गंजलेलं, पण ज्या पट्ट्यांवर त्याचा सरकता भाग चालतो त्या अजून अगदी सरळ होत्या. मला हव्या होत्या त्या पट्ट्याच. पिकअप घेऊन परत गेलो तेव्हा चिंचेखाली पोपटी रंगाचं काहीतरी चमकत होतं, वर हळदकुंकू आणि झेंडूचा हार. पट्ट्यांवरून ग्राइंडर फिरवला होता. बोटाला खड्डे लागत होते. आता त्यावर काहीच सरळ कापलं गेलं नसतं. "लेकीला सासरी पाठवताना नटवायला नको का, साहेब?" मालक बाबांना म्हणाले. "पट्ट्या का घासल्या, काका?" मी विचारलं. "अगं बेटा, गंज होता ना. आमच्या घराण्यात कोणी मळकी वस्तू देत नाही." हे उत्तरही त्यांनी बाबांकडे बघूनच दिलं. बाबा "छान, छान" म्हणत होते आणि ड्रायव्हरने मशीन बांधायला दोर काढलाही होता. "भिया, दोर राहू द्या," मी त्याला हळूच म्हणाले, आणि मग मालकांना, "हे बागेत ठेवा, शोभेल." ते हसले, त्यांना ती स्तुती वाटली असावी. बाबांना अजून वाटतं, त्या दिवशी मी उर्मटपणा केला. मला वाटतं, मी फारच सभ्य वागले.