मावशींचे अडीचशे अंश

औषधी रसायनांच्या त्या कारखान्यात, तपासणी विभागातल्या मावशींना “बरं चाललंय ना?” असं विचारायची सोय नव्हती. “बरं म्हणजे किती बरं?” असा उलटा प्रश्न यायचा. सत्तावीस वर्षं गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रापुढे बसून बाईंना ‘अंदाजे’, ‘साधारण’, ‘जवळपास’ या शब्दांची ॲलर्जीच झाली होती. चहात साखर टाकतानासुद्धा चमचा सुरीच्या पात्याने सपाट करायच्या. यजमान म्हणायचे, “हिच्या हातचं मीठ कधी कमी-जास्त होत नाही, पण ताटावर बसलं की आपणच नमुना आहोत असं वाटतं.”

यंत्र तसं दिसायला काही खास नाही, फ्रिजच्या निम्म्या उंचीचा एक करडा डबा. पण मावशींचा त्याच्यावर भारी जीव. सुईने थेंबाचा एक बारीकसा अंश त्याच्या तोंडात टोचायचा. या तोंडाला इंजेक्टर म्हणतात आणि ते सणसणीत तापलेलं असतं. थेंबाची तिथल्या तिथे वाफ होते. ती वाफ केसासारख्या बारीक, वेटोळं घातलेल्या नळीतून जाते आणि त्यातला एकेक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो. पडद्यावर शिखरं उमटतात. उंच शिखर मालाचं, बुटकी शिखरं घाणीची. घाण किती, हे मावशी दशांशासकट सांगायच्या, आणि मावशींनी सांगितलं की साहेबसुद्धा गप्प.

या खेपेला मात्र त्या दशांशाने एका माणसाचा घास घ्यायची वेळ आणली होती.

माणूस म्हणजे बर्फदादा. खालच्या शेडमध्ये नवं रसायन बनायचं ते यांच्या हाताखाली. रसायन भारी नाजूक, चाळीस अंशांच्या वर गेलं की नासलंच. म्हणून दादा दिवसभर पात्रापाशी उभे, एक हात थंड पाण्याच्या पाइपवर, डोळे तापमापकावर. पाणी कमी गार वाटलं की स्वतः टाकीत बर्फ ओतायचे. तरी ओळीने तीन घाण्यांमध्ये, म्हणजे मालाच्या तीन खेपांमध्ये, मावशींच्या यंत्राने एकच घाण दाखवली, दोन पूर्णांक एक टक्का. नियम अर्ध्या टक्क्याचा! पहिल्या घाण्यापासूनच साहेबांना दादांच्या झोपेचा संशय होता, तिसऱ्यानंतर त्यांनी निकाल देऊन टाकला, “दादांना डुलकी लागत असणार. वय झालंय. सोमवारपासून त्यांना गोदामात पाठवा आणि माल जाळून टाका.”

शुक्रवारी दुपारी दादा वर आले. आयुष्यात पहिल्यांदाच तपासणीच्या खोलीत आले होते, दाराबाहेर चपला काढून उभे राहिले.

“यंत्र खोटं बोलत नाही हो, दादा,” मावशी आधीच म्हणाल्या. त्यांना वाटलं, आता गयावया करणार.

“मी कुठं म्हणतोय? यंत्र तुमचं, तुम्हीच जाणा. मला एकच विचारायचं होतं. हे जे तोंड आहे त्याचं, ते किती गरम असतं?”

“अडीचशे अंश.”

दादांनी त्या करड्या डब्याकडे नजर टाकली. “अडीचशे,” ते म्हणाले. “आणि मला चाळीसच्या वर जायची बंदी.”

बस्स. एवढं बोलून माणूस चपला घालून खाली गेला. मावशींनी मात्र घाईघाईने तपासणीच्या पद्धतीची वही काढली. अक्षर त्यांचंच. जुन्या एका दणकट रसायनाची पद्धत त्यांनी या नव्यासाठी जशीच्या तशी उतरवली होती, वरचं नाव तेवढं बदलून. बाई गं, सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचे कान धरले आणि स्वतःच नक्कल मारलीस!

शनिवारी सुट्टी असून त्या आल्या. तोच नमुना, तोंड दोनशे अंशांवर: घाण एक पूर्णांक दोन. दीडशेवर: अर्ध्या टक्क्याच्या आत. मग त्यांनी सुई बदलली, गरम तोंड टाळलं, थेंब थेट थंड नळीतच सोडला आणि नळी, माल वाहून जाईल इतपतच, हळूहळू तापवत नेली. ते बुटकं शिखर जवळजवळ दिसेनासंच झालं. तिन्ही घाण्यांचे नमुने पुन्हा पुन्हा घातले. उत्तर तेच. माल लख्ख होता. ज्या घाणीपायी दादांवर आळ आला, ती मावशींच्या यंत्राच्या तोंडात, मावशींच्या डोळ्यांदेखत तयार होत होती.

खरं सांगायचं तर, गुपचूप पद्धत बदलली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. तो विचार मावशींच्या मनात आला, आणि आला म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या.

सोमवारी सकाळी, साहेब खुर्चीत टेकायच्या आत, कागद टेबलावर.

साहेबांनी दोनदा वाचलं. “मावशी, यंत्रात बिघाड झाला होता असं लिहू या ना. तुमचं नाव कशाला मध्ये?”

“यंत्र ठणठणीत आहे, साहेब. डोकं माझं चाललं नाही. तसंच लिहिलंय, तसंच राहू दे.”

मग त्या खाली शेडमध्ये गेल्या आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने, दादांची माफी मागितली. दादा लाजून चूर झाले. “असू द्या हो, मावशी.” मग खाली बघत हळूच म्हणाले, “फक्त एक करा. घरी येऊन हिला सांगाल का?”

संध्याकाळी मावशी त्यांच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं घर, ओट्यावर दोन थर्मास पालथे घातलेले. मावशींनी टेबलावर कागद पसरले, हे शिखर, ते शिखर, अडीचशे, दीडशे. वहिनींनी कागदाकडे बघितलंच नाही.

“म्हणजे… हे झोपले नव्हते?”

“मिनिटभरसुद्धा नाही, वहिनी.”

वहिनींनी पालथ्या थर्मासांकडे बोट केलं. “तीन आठवडे मी यांना दोन-दोन थर्मास देतेय. एक चहाचा, एक कडू कॉफीचा, झोप येऊ नये म्हणून. हे निमूट घेऊन जायचे. एकदा तरी म्हणायचं ना, मी झोपलो नव्हतो!”

“एकदा म्हणालो होतो,” दादा म्हणाले. “तू काहीच बोलली नाहीस.”

मावशींना वाटलं, आपण तीन घाणे नासवले असते तरी परवडलं असतं, पण हे नको होतं. त्यांनी चष्मा काढला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. वहिनी दादांच्या पाठीवर नुसता हात ठेवून गेल्या आणि ओट्यापाशी चहाचं आधण ठेवायला लागल्या. डबा उघडता उघडता त्यांनी विचारलं, “मावशी, तुम्हाला साखर किती?”

मावशींनी नाक ओढलं.

“घाला तुमच्या अंदाजाने,” त्या म्हणाल्या.