वाळ्याचे पडदे आणि साहेबांचा पंखा

आम्ही जुने कचेरीवाले अजून भेटलो की गप्पा बढत्या-बदल्यांवरून फिरून शेवटी वाळ्याच्या पडद्यांवरच येतात. तेव्हाच्या फायली वाळवीनं खाल्ल्या, किस्से मात्र साठतच गेले.

साठ सालानंतरची गोष्ट. सांगलीत संस्थानी काळातल्या दगडी इमारतीत आमची कचेरी. मी विशीतली, नवी टायपिस्ट. उन्हाळ्यात दारांना वाळ्याचे पडदे लागायचे. तात्याबा नावाचा म्हातारा बाहेरून त्यांवर पाणी मारायचा, आणि बाहेरची झळ आत येईस्तोवर गार होऊन यायची. पाडव्यापासून मृगापर्यंतचं हे काम, त्याचं घर त्यावरच चालायचं.

*

पडद्याजवळची जागा नोकरीच्या वर्षांप्रमाणे मिळायची. मी सगळ्यात नवी, म्हणून लोखंडी कपाटाशेजारी. एकदा हेडक्लार्क रजेवर गेले आणि मी लगेच मशीन उचलून त्यांच्या जागी. जरा ऐसपैस टेकले, तर तांब्याभर पाणी थेट पाठीवर. अंबाडा, पोलकं, तीन कार्बन कॉप्या, सगळं ओलंचिंब.

बाहेरून तात्याबाचा शांत आवाज आला, "हेडक्लार्क वीतभर लांब बसत्यात, बाई."

*

मग साताऱ्याहून बदलून नवे साहेब आले. सांगलीचा उन्हाळा त्यांना नवा. गारवा बाहेर जातो म्हणून त्यांनी पलीकडच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. तासाभरात आमचे उकडीचे मोदक झाले.

तात्याबा म्हणाला, "आवं सायेब, वारं आत आलं तर त्याला भाईर जायला वाट नको व्हय?"

साहेबांनी खिडक्या उघडल्या, पण ते त्यांना लागलं.

*

पुढच्याच आठवड्यात फिरता टेबल फॅन आला. "आता पाणी मारायला माणूस कशाला?" साहेब म्हणाले. तात्याबा दारातच होता. त्यानं ऐकलं आणि बादली भरायला गेला.

तरी साहेब न्यायाचे. म्हणाले, एका खोलीत फॅन, दुसरीत पडदा, थर्मामीटर लावून बघू. थर्मामीटर आणायला मी शहाणी पुढं. शेजारच्या डॉक्टरांचा ताप मोजायचा आणला. फॅनच्या खोलीत पारा एकशे दोन. तोच नेऊन पडद्याच्या खोलीत ठेवला, तिथंही एकशे दोन.

"सारखंच आहे," साहेब म्हणाले. "तात्याबाचं काम उद्यापासून बंद. ऑर्डर टाईप करा."

*

रात्री धाकट्या भावाला कणकण होती. आईनं थर्मामीटर काढला आणि आधी चांगला झटकला. खोली बदलताना मी तो झटकलाच नव्हता. झटकल्याशिवाय पारा उतरतो कुठं?

सकाळी साहेबांपुढं उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी हातातली फाईल मिटली.

"म्हणजे काल आपण कुणाचा ताप मोजला, बाई?"

ऑर्डर मशीनवर अर्धी टाईप होऊन तशीच होती.

साहेबांनी तात्याबाला आत बोलावलं. "थर्मामीटर राहू दे. इतकी वर्षं इथं आहेस, तूच सांग. पडद्यानं किती गार होतं?"

तात्याबानं ओले हात धोतराला पुसले.

"मला काय ठावं, सायेब? म्या कवा आत बसलोय?"

साहेब उठले. तात्याबाला आपल्या खुर्चीत बसवलं, मशीनवरचा कागद ओढून खिशात घातला आणि बाहेर गेले. थोड्या वेळानं पडद्यावर पाणी पडल्याचा आवाज आला.

खुर्चीच्या अगदी टोकाला बसलेला तात्याबा आतून म्हणाला, "सायेब, वरनं सोडा. खालनं मारलं तर नुसती फरशी भिजती."